सुतक नव्हते म्हणून

आदरणीय बाई,

आज बुधवार. सवयीने ठाण्याच्या बसमध्ये जाऊन बसलो आणि कंडक्टरने "कुठं?" म्हणून विचारले तेव्हा भानावर आलो. कुठले तिकीट काढणार? पुढच्याच थांब्यावर उतरून पायी भिवंडीतल्या दवाखान्यात परतलो आणि रुग्णांशी बोलण्याच्या त्या रिकाम्या खोलीत हे पत्र लिहीत आहे. आठवड्याभरात रुग्णांशी झालेले बोलणे घेऊन ठाण्याला तुमच्यासमोर बसण्याचा हा वार. आणि आज प्रथमच माझ्याजवळ तुम्हाला हवे होते तसे काही आहे.

आठवते? त्या बसण्याला मी 'पर्यवेक्षण' म्हटले की तुम्ही हसायचात. "पर्यवेक्षण परीक्षेच्या हॉलमध्ये असतं हो! तुम्हाला कॉपी करताना पकडायला नाही बसले मी."

तरीही मी परीक्षार्थीसारखाच येत राहिलो. हिशेबाची नोकरी सांभाळून चाळिशीनंतर मानसशास्त्र शिकलेला माणूस मी. वयाने लहान असलेल्या बाईंसमोर अडखळायचे कसे? प्रत्येक रुग्णाची हकीकत आरंभापासून निष्कर्षापर्यंत घोटून आणायचो. तुम्ही चहाचा कप पुढे सरकवायचात. "काय कॉमर्सवाले, आजही ताळेबंद जुळला वाटतं? जुळलेलं मला नको. एक तरी फजिती आणा."

आज आणली आहे, बाई. आणि तुम्ही नाही!

तुमच्या नियमाप्रमाणे नाव लिहीत नाही. शेलार गावचा तरुण आहे. दोघे भाऊ एकाच कापड कारखान्यात शेजारशेजारचे लूम चालवत. थोरला तापाने गेला. तेव्हापासून शेजारचा लूम क्षणभर थांबला तरी याच्या छातीत धडधडते, हात थिजतात. कित्येक आठवडे तो माझ्यासमोर जमिनीकडे पाहत बसला. मी विचारायचे आणि त्याने 'हाय', 'न्हाय' एवढेच म्हणायचे.

गेल्या शुक्रवारी त्याने मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, तुमचं कोन गेलंय काय?"

मी काय म्हणालो, ठाऊक आहे? "इथं प्रश्न मी विचारतो. तुम्ही तुमचं सांगा."

"चुकलं, साहेब. तोंड उतरलेलं दिसलं, म्हून इचारलं."

नजर पुन्हा जमिनीला. वेळ संपण्याआधीच तो उठला आणि दारात म्हणाला, "बरा हाय आता मी." बरा नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तरी मी त्याला जाऊ दिले. माझ्या त्या वाक्याची लाज मला गेले पाच दिवस घास गिळू देत नाही.

घरात कोणी गेले तर आठ दिवस रुग्णासमोर खुर्चीत बसायचे नाही, हा तुमचाच दंडक. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही मला परत धाडले होते. "आधी रडून या. नाहीतर रुग्णाच्या रडण्याची वाट अडवून बसाल." तुम्ही गेलात तेव्हा मात्र मी काटेकोर विचार केला: बाई नात्यातल्या नव्हेत, सुतक लागत नाही, सबब रजेचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर खुर्चीत हजर!

शोकसभेत तर मी असा बोललो की तुमची धाकटी विद्यार्थिनी मालिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "काका, अहवाल मंजुरीला टाकायचा का?" मला राग आला. तिचे डोळे सुजलेले होते आणि माझे कोरडे, हे तेव्हा दिसलेच नाही.

एक तक्रार माझीही आहे. आजार एवढा वाढला होता तर आम्हाला का सांगितले नाहीत? 'लपवू नका' असे आम्हाला बजावणाऱ्या तुम्ही, शेवटच्या बुधवारीही "पित्त झालंय" म्हणालात! आणि माणसे ओळखण्याचे शिक्षण घेतलेल्या मी ते खरे मानले. शेलारच्या त्या पोराने मानले नसते.

रुग्णाच्या खुर्चीत बसा, त्याच्या तोंडून बोला, असे तुम्ही किती वेळा सांगितलेत! "मला नाटकं जमत नाहीत," म्हणून मी टाळत आलो. मघाशी दार लावून त्याच्या खुर्चीत बसलो. समोर माझी खुर्ची. खिडकीचा सगळा उजेड नेमका तिच्यावर पडतो. बाई, या खोलीत पाहणारा मी एकटाच, असे मी इतके दिवस समजत होतो!

मोठ्याने म्हणालो, "साहेब, तुमचं कोन गेलंय काय?" भाऊ गेल्यापासून त्याला दुसऱ्या कोणाचे काही दिसलेच नव्हते. त्या दिवशी त्याची नजर प्रथमच स्वतःच्या दुःखाबाहेर आली, आणि येताक्षणी मी तिच्यावर दार आपटले. ज्या घडीची मी वाट पाहत होतो ती आली आणि मला ओळखता आली नाही. कारण ती माझ्या चेहऱ्याविषयी होती.

निरोप धाडावा असे मनात येते. पण कारखान्यात दवाखान्याचा निरोप गेला की चार जण कान टवकारतात. ते त्याला महाग पडेल. तेव्हा वाट पाहणे आले.

पुढच्या बुधवारपासून मी मालिनीकडे बसणार आहे. माझ्या मुलीहून लहान पोर! तरी टेलिफोन करून विचारले. ती एवढेच म्हणाली, "या ना, काका. पण अहवाल नको हं." अगदी तुमचा सूर!

राहिला शुक्रवार. त्या पोराची वेळ त्याचीच राहील. तो आला नाही, तरी ती मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. आणि आला, तर खुर्ची उजेडातून न हलवता आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देईन, हे तुम्हाला वचन: "होय. माझ्या बाई गेल्या."

मग गप्प बसेन. पुढचे बोलणे त्याचे.

तुमचा,
कॉमर्सवाला