आधी वारा, मग जेवण

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद राहिली पाहिजे.
हौशी गेम बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर स्पर्धा जाहीर झाली. साठ दिवसांत एक गेम, एकट्याने, फावल्या वेळात केलेला. अट एकच: गेम निदान पाच मिनिटं चालला पाहिजे. पाच मिनिटं! हसू आलं. माझा गेम कमीत कमी चाळीस तास चालेल. नाव 'महासाम्राज्य'. नऊशे नागरिक, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.
बायकोशी करार झाला. सासूबाई गेल्या महिन्यापासून आमच्याकडे राहायला आहेत आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. गुडघे धरतात. मागची खोली त्यांना द्यावी असं बायकोचं म्हणणं. मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. शेवटी असं ठरलं की ३० ऑक्टोबरपर्यंत गेम पूर्ण झाला तर खोली माझी, नाही तर आईंची. मी हसत हसत हो म्हटलं. बायकोने ते कागदावर लिहून माझी सही घेतली. नवराबायकोत सही कशाला, विचारलं. म्हणाली, असू दे.

४ सप्टेंबर
तयार इंजिन वापरायचं नाही. ते आळशी लोकांचं काम. गेम ज्यावर चालतो ते इंजिनही मीच लिहिणार. नाव 'वज्र'. लोगो तीन दिवसांत तयार.

१३ सप्टेंबर
वज्र चालू! स्क्रीनवर एक करडा चौकोन. तो डावीकडे जातो. उजवीकडे जाणं पुढच्या आवृत्तीत.
फोरमवर दर शनिवारी सगळे आपापलं काम दाखवतात. मीही चित्र टाकलं. एकच प्रतिसाद आला, मॉडरेटरचा. टोपणनाव 'काकडी', खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, हा चौकोन काय आहे? मी लिहिलं, सम्राट. पुढे काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

१८ सप्टेंबर, दुपारी
सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, जावईबापू, हे मला जमेल का हो? त्यांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात घालवला. या वयात एवढी उमेद! भरून आलं. बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर एक तयार इंजिन टाकून दिलं, नवशिक्यांचं. वज्र त्यांना झेपायचं नाही.
पहिला धडा दिला: घाई करायची नाही. दीड तास बोललो. त्यांनी वहीत एक ओळ लिहून घेतली आणि नंतर ती खोडली.

२६ सप्टेंबर
भुकेची सिस्टिम पूर्ण! नागरिकाला खरीखुरी भूक लागते. आधी तो चिडतो, मग थकतो, मग मरतो. चिडण्याचे अकरा प्रकार केलेत.
गेम चालवला. चार मिनिटं दहा सेकंदांत नऊशेच्या नऊशे मेले. बराच शोध घेतल्यावर कारण सापडलं. अन्न अजून केलेलं नाही. बाब किरकोळ, पण अट पाच मिनिटांची आहे. पन्नास सेकंद कमी पडतायत.
सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. हळहळल्या. म्हणाल्या, अहो, आधी त्या बिचाऱ्यांना जेवायला घाला की. मी प्रेमाने समजावलं. अन्नाला पीक लागतं, पिकाला पाऊस, पावसाला ढग, ढगाला वारा. तेव्हा सुरुवात वाऱ्यापासून. त्यांनी विचारलं, नुसती भरलेली ताटं मांडून नाही का चालणार? नवशिकी माणसं असंच बोलतात.

५ ऑक्टोबर
मेलेले जागच्या जागी पडून राहतात, बरं दिसत नाही. अंत्ययात्रेची सिस्टिम लिहिली. एकाला उचलायला चौघं लागतात. ते चौघं वाटेत मरतात, मग त्यांना उचलायला सोळा. श्रमाने भूक वाढते. आता सगळं साम्राज्य दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आटोपतं.
आकडा उलट्या दिशेने गेला, पण गेला. काम ठप्प नाही.
काकडींनी शनिवारी लिहिलं की असं दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आभार मानले.

९ ऑक्टोबर
वाऱ्याला दिशा द्यायला एडिटर हवा. एडिटरला बटणं हवीत. बटणांचे रंग जुळवायला वेगळं टूल लिहायला घेतलं. तीन दिवस त्यातच. निळा फार सुरेख लागलाय.
सासूबाईंनी विचारलं, फोन आला की घंटी कशी वाजवायची? मी ध्वनिलहरींपासून सुरुवात केली. मी कानाच्या पडद्यापर्यंत पोचलो तोवर त्यांच्या लॅपटॉपवर घंटी वाजलीसुद्धा. कधी कधी असं चुकून जमतं.

१७ ऑक्टोबर
पहिला वारा सुटला! डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसला पाठदुखी कळवून चार दिवस घरी आहे, त्याचं चीज झालं.
वारा थांबवायची सोय राहिलीय. सम्राट डावीकडून स्क्रीनबाहेर उडाले आणि त्यांना उजवीकडे येता येत नाही. प्रजा पोरकी, शिवाय उपाशी.
बायको टेप घेऊन स्टुडिओची भिंत मोजत होती. विचारलं तर म्हणाली, सहज. मोठं टेबल घेतेय बहुतेक माझ्यासाठी. वरवर बोलत नाही, पण विश्वास आहे तिचा.

२४ ऑक्टोबर
धाडसी निर्णय. वज्र पहिल्यापासून पुन्हा लिहिणार. 'वज्र दोन'. सहा दिवस उरलेत. घाबरट लोक अशा वेळी जुन्याला चिकटून बसतात.

२९ ऑक्टोबर, सकाळी ११
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, त्या लोकांना भूक जरा उशिरा लागली तर? एक आकडा बदलायचा, पाच मिनिटं सहज निघतील.
आकडा खरंच एकच होता. पण तो जुन्या वज्रमध्ये. आणि जुनं वज्र मी परवा पुसून टाकलं, मोह नको म्हणून.
त्यांना सांगितलं.  त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी पुन्हा चहा केला.

३० ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५५
मुदत सहाची. 'वज्र दोन' उघडतं. करडा चौकोन दिसतो. हलत नाही. पाच मिनिटं समोर बसून पाहिलं. एकही मृत्यू नाही!
अट पूर्ण. पाठवून दिला. खोली वाचली.

५ नोव्हेंबर
निकाल. 'महासाम्राज्य' बाद. काकडींचं म्हणणं असं की खेळणाऱ्याला काहीच करता येत नसेल तर त्याला गेम म्हणता येणार नाही, चित्र म्हणावं लागेल. पूर्वग्रहाला औषध नाही.
दुसरा क्रमांक 'लाईन जोडते हं!' या गेमला. फोन येतात, योग्य वायर योग्य भोकात घालायची. चूक झाली की भलतीच माणसं भलत्या माणसांशी भांडतात. करणाऱ्या सासूबाई. स्पर्धेत उतरल्याचं त्यांनी मला सांगितलंही नव्हतं. गेम २१ तारखेलाच पाठवून मोकळ्या झाल्या होत्या.
चुका काढायला म्हणून खेळायला बसलो. अडीच तास गेले. चूक सापडली नाही. वाईट वाटलं. खूप वाटलं.

८ नोव्हेंबर
सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, मी सोफ्यावर बरी आहे. बायकोने कागद टेबलावर ठेवला. पलंग भिंतीला बोटभरही फट न ठेवता बसला. माझं टेबल आता पॅसेजमध्ये, फ्रिजच्या शेजारी. फ्रिज उघडायचा तर मला उठावं लागतं. बैठं काम करणाऱ्याला हा व्यायाम चांगलाच.
एक समाधान आहे. त्या गेममागे शिकवण कुणाची? तीनशे फोन जोडले की शेवटी आभारांची यादी येते म्हणे. 'तांत्रिक मार्गदर्शन' म्हणून माझं नाव असणारच. उद्या रविवार. जोडून टाकतो.

९ नोव्हेंबर, दुपारी ४
तीनशे जोडले. यादी आली. एक्स्चेंजमधल्या दोन मैत्रिणी. लॅपटॉपबद्दल लेक. उत्तेजन दिल्याबद्दल काकडी. सगळ्यात शेवटी मी.
'जावईबापू: खोली दिल्याबद्दल.'
गेम पाठवल्याची तारीख पुन्हा पाहिली. २१ ऑक्टोबरच आहे.