अस्त म्हणू नये

९ ऑक्टोबर

आज गंधारचा मेसेज आला नाही! बाबा पडवीत फोन हातात धरून बसले होते, पार काळोख पडेपर्यंत. तुळशीपाशी दिवा नाही.

आई गेल्यावर बाबांनी दिव्याकडे बघणंच सोडलं होतं. म्हणून माझ्या भावाने, गंधारने, ही युक्ती केली. पुण्याहून आला की लॅपटॉपवर प्रोग्रॅम ठोकत बसायचा. रोज पाच वाजता त्याच्या नंबरवरून बाबांना आपोआप मेसेज — आज सूर्य किती वाजता बुडणार, आणि खाली 'दिवा लावा'. एक जुना लॅपटॉप त्यासाठी इथेच ठेवला होता. मार्चमध्ये सावर्ड्याजवळ त्याची गाडी — नाही लिहीत. तो गेला आणि मेसेज येत राहिले. मी लॅपटॉप बंद केला नाही, त्याचा फोनही चार्जरला लावून ठेवला. बाबांनी कधी बंद कर म्हटलं नाही. आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

१० ऑक्टोबर

मैना केर काढता काढता म्हणाली, "गो बाय, काल तुळशीत दिवा नाय लागला? बाबा भाकरीला पण शिवले नाय."

कॉलेजातून आल्या आल्या लॅपटॉप उघडला. हातभर लांब एरर. एवढंच कळलं की प्रोग्रॅमला 'ast' मध्ये काहीतरी हवंय आणि ते सापडत नाही.

अस्त! परवा मीच त्याच्या फोल्डरमध्ये पायथनच्या, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमच्या भाषेतल्या, दोन फाइली केल्या होत्या, अकरावीच्या पोरांना सूर्याच्या वेळांचा तक्ता दाखवायला. एक uday, एक ast. म्हणजे त्याचीही ast होती, आणि मी तिच्यावर माझी लिहिली. 'आधीची पुसू का?' असं विचारलंही असेल. न वाचता हो म्हणणारी बाई मी! पोरांना मात्र रोज सांगते, प्रश्न नीट वाचा.

त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. तेही पुसलं.

११ ऑक्टोबर

कचरापेटी पाहिली, नाही. पायथन सगळं काढून पुन्हा टाकलं, दोनदा. एरर अक्षरन् अक्षर तीच. आणि ती दाखवते त्या फाइली ना माझ्या, ना त्याच्या. कुठल्या कुणाच्या!

पाच वाजले. बाबा पडवीत येऊन बसले. मला बघवेना. त्याच्या फोनवरून हाताने लिहिलं — 'बाबा, आज अस्त ६.१८. दिवा लावा.' वरचे जुने मेसेज वाचायची हिंमत नव्हती, वर न बघताच पाठवून दिलं.

बाबांनी दिवा लावला. मी आत चोरासारखी उभी.

१२ ऑक्टोबर

आजही मीच पाठवला. दिवसभर लॅपटॉपसमोर. जेवण नाही.

१३ ऑक्टोबर

कॉलेजला दांडी. बाबांनी ताट माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाले, "अस्त कोणी लिहिलं?"

मी ताट जवळ ओढलं.

"आपल्या घरात अस्त म्हणत नाहीत. गंधार मावळती लिहायचा."

खरंच की! मी कशी विसरले? बाबांचं हे जन्माचं वेड. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. आणि उंबऱ्यावर 'जातो' म्हटलं की संपलंच — "येतो म्हण!" लहानपणी गंधार मुद्दाम पायरीवर उभा राहून 'जातो, जातो' ओरडायचा. बाबा त्याला परत आत बसवून पाणी पाजायचे, मग सोडायचे. मार्चमध्येही तो 'येतो' म्हणूनच निघाला होता.

ताटावरून तशीच उठले. जो पोरगा मेसेजात अस्त लिहीत नाही, तो फाइलीला ते नाव कशाला देईल? त्याच्या ऑफिसातल्या गुरुप्रसादला फोन लावला. ऐकता ऐकता तो हसला, मग एकदम थांबला.

"नीरजाताई, ast गंधारची नाहीच. पायथनच्या स्वतःच्या सामानातली आहे ती, बाकीच्या फाइलींना लागते. पण पायथन आधी घरात, म्हणजे प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये बघतो. त्या नावाचं घरात कोणी भेटलं की बाहेर शोधायला जातच नाही. तुमची फाईल त्याला भेटली. नाव बदला तिचं, बास."

नाव बदललं. चालू झालं! गंधारची फाईल तिथेच होती, अगदी धडधाकट — mavalati. मी काहीच पुसलं नव्हतं. फक्त भलत्या नावाने मध्ये जाऊन बसले होते. बाबांच्या फोनवरही दोन दिवस मी तेच केलं.

खूप रडले. बाबा दारात येऊन उभे राहिले. ताट पुन्हा गरम करून आणलं.

१४ ऑक्टोबर

पाचला मेसेज आपला आपण गेला. मावळती ६.१६. बाबांनी दिवा लावला, मग बराच वेळ फोनवर एकेक अक्षर शोधत बसले. आत टेबलावर गंधारचा फोन वाजला. सात महिन्यांतलं बाबांचं पहिलं उत्तर.

'लावला. आता येतो म्हणू नकोस, बाळा. जा.'