बारा हिरवे, एक लाल

दि. ३ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

माझं पॅकेज, म्हणजे तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, तुला माहीत आहे. दवाखान्यांनी रुग्णांच्या नोंदी द्यायच्या आणि अमुक दिवसांनी शंभरातले किती जण जिवंत असतील, ते त्यानं काढून द्यायचं. सहा वर्षं एकटीनं खपून उभं केलंय. इंटरनेटवरच्या ज्या सार्वजनिक भांडारातून लोक ते उतरवून घेतात, तिथे रोज ते आपोआप वेगवेगळ्या जातींच्या कॉम्प्युटरांवर चालवून बघतात. सोबत मी दिलेला एक नमुना असतो आणि त्याचं उत्तरही मीच दिलेलं. जुळलं की हिरवी खूण, नाही तर लाल. बारा मशीनं रोज हिरवी असायची. गेल्या आठवड्यात तेरावं आलं. बाराजणी एकसष्ट म्हणतात, हे शहाणं म्हणतं सत्तर. चौदा दिवसांत लाल खूण गेली नाही तर पॅकेज भांडारातून काढून टाकणार.

एका आडमुठ्या मशीनपुढे मी मान तुकवणार नाही. आमचे विभागप्रमुखही म्हणाले, की या मशीनवर ही चाचणी गाळा अशी एक ओळ घाल आणि मोकळी हो. ती घालणारच आहे. फक्त एक कर. नमुना तुझ्याच वॉर्डाच्या जुन्या रजिस्टरातला आहे, वीस रुग्णांचा, नावं गाळून घेतलेला. त्या पानाची प्रत आणि मी उतरवलेली यादी सोबत आहे. उतरवताना चूक झालेली नाही, एवढं बघून सांग.

रागावलेली असले तरी तुझीच,
भुंगी

दि. ७ मार्च

चि. भुंगीस, अ. उ. आ.

यादी बरोबर आहे. पान माझंच. एकतीस वर्षं त्या वॉर्डाच्या नोंदी ठेवल्या, स्वतःचं अक्षर ओळखायला चष्मा लागत नाही. वाचायला लागतो, ती गोष्ट वेगळी.

तू नुसतं बघायला सांगितलं होतंस, पण मला कुठे स्वस्थ बसवतं. पेन्सिल घेऊन गणित मांडलं. उत्तर आलं सत्तरला जरासं कमी. चष्मा पुसून पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा खालून वर केलं. तेवढंच. तुझ्या आडमुठ्याचं आणि माझं जमतंय बघ.

आता नीट वाच. घरी सोडलेल्यांची नोंद मी सकाळी, डॉक्टरांची फेरी झाली की करायची. मृत्यूची चिठ्ठी वरून सही होऊन यायची, त्यामुळे माणूस पहाटे गेला तरी नोंद संध्याकाळी. म्हणून एकाच तारखेला घरी गेलेले आधी दिसतात आणि वारलेले नंतर. तो लिहिण्याचा क्रम आहे, घडण्याचा नाही. उदाहरणाला पंधरावा दिवस घे, तेव्हा वॉर्डात बाराजण होते. चौघं घरी गेले, दोघं वारले. नियम असा, की तारीख एकच असेल तर वारलेले आधी धरायचे, म्हणजे बारांतून दोन. तुझं पॅकेज आधी चौघांना घरी पाठवतं आणि आठांतून दोन गेले म्हणतं. आमचा वॉर्ड एवढा वाईट नव्हता गं.

आणि एक विचारते. एकसष्ट हे बरोबर उत्तर आहे, असं तुला सांगितलं कोणी?

डोकं शांत ठेवून उत्तर दे, माया आहे तशीच आहे.
आत्या

दि. ११ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि जुनी वही काढून बघितली. कोणीच सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पॅकेज चालवलं, एकसष्ट आलं, तेच उचलून उत्तर म्हणून लिहिलं. पेपरही मीच सोडवला आणि तपासायची उत्तरंही त्यातूनच उतरवली. बारा मशीनं मला बरोबर म्हणत नव्हती, माझंच मला परत ऐकवत होती. लाज वाटते आहे.

तुझं पान उलट्या क्रमानं दिलं, तर त्या बाराजणी मुकाट्यानं सत्तर म्हणाल्या. त्या एकाच तारखेच्या नोंदी दिलेल्या क्रमानंच ठेवतात. तेरावं त्या उलटसुलट करतं, म्हणून योगायोगानं खरं बोललं. मग एकसष्ट खोडून तुझा आकडा घातला. बारा लाल, एक हिरवा. दुरुस्तीला दोन ओळी लागल्या, तेराही हिरवे झाले.

प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्ती गुपचूप कर, गाजावाजा नको. त्रेचाळीस दवाखाने हे वापरतात आणि त्यांना जुने आकडे चुकले असं कळवलं, तर विभागाची अब्रू जाईल. कळवलंसच तर पॅकेज तुझ्याकडे राहणार नाही. मी म्हटलं, नाही राहिलं तर नाही. बोलून गेले खरी, पण घरी आले आणि पॅकेजच उघडून बसले. ते माझं आहे, आत्या. पत्रं लिहून तयार आहेत. शुक्रवारी टाकते.

आशीर्वाद दे, या वेळी खरंच हवा आहे.
भुंगी

दि. १५ मार्च

चि. भुंगीस, अ. उ. आ.

हे पोचेपर्यंत तुझी पत्रं गेलेली असतील, आणि नसतील तर माझ्याशी गाठ आहे. त्या पानावरचे वारलेले पाचही जण मला चेहऱ्यानं आठवतात. त्यांना मी गुपचूप लिहिलं नव्हतं. पॅकेज काढून घेतील, घेऊ देत. ज्यांना चूक दाखवली तर अब्रू जाते असं वाटतं, त्यांच्याकडे ती मुळात किती होती ते मला ठाऊक आहे. तुझा धाकटा काका म्हणतो, पोरगी हट्टी आहे. मी म्हटलं, आमच्या घरातली आहे.

तुझा अभिमान वाटतो. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, जपून ठेव.
आत्या

दि. २ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सगळी त्रेचाळीस पत्रं गेली. पॅकेज काढून घेतलं, माझं टेबलही खिडकीपासून हलवून फायलींच्या कपाटाशी नेलं. पॅकेज काढून घेताना प्रमुखांनी सहीला कागद पुढे केला, त्यावर कारण म्हणून तांत्रिक अडचण असं छापलं होतं. ते खोडून मी तिथे चूक असं लिहिलं, पुढे माझी असं लिहिलं आणि सही केली. ते बघत राहिले. बघू देत.

काल एका दवाखान्यातून एका वॉर्डाच्या परिचारिकेचं पत्र आलं. गेल्या वर्षी तिथे एक उपचार बंद केला होता, कारण माझ्या पॅकेजनं त्याचा आकडा फार कमी दाखवला. ती तेव्हा भांडली होती, की माझ्या डोळ्यांसमोर याहून जास्त माणसं चालत घरी जातात. तिला सांगितलं, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, तू तुझं काम बघ. माझं पत्र आल्यावर तिनं ते सगळ्यांच्या बैठकीत उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि आकडे पुन्हा काढायला लावले. सोमवारपासून तो उपचार परत सुरू झाला आहे.

मी बरी आहे. लोभ वाढला तरी चालेल.
भुंगी