भावजींचं नाटक

२ मे १९५८
भावजी मुंबईहून आले. आंबे उतरवायला नव्हे, नाटक बसवायला. देवळासमोर मांडव उभा राहिला, बोर्डही लागला. लेखक म्हणून त्यांचं नाव! दोन पावसाळे चुलीपुढे बसून लिहिलं मी. जाब विचारला तर म्हणाले, "वैनी, तुमचां नाव घातलां तर लोक हसतले. बाईमाणूस आणि नाटक?"
आज हे असते तर... पण हे असते तरी धाकट्या भावापुढे गप्पच बसले असते.
यापुढे इथे नुसतं 'भा.' लिहीन. पूर्ण लिहिण्याची लायकी नाही.

५ मे
तालीम. राजा अर्थात भा. पाठांतर शून्य. प्रॉम्प्टिंगला मी. पडद्यामागे बाई चालते म्हणे!
बाबा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. लिहिलेलं काही नसायचं, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे नि समोर बायका रडायच्या. मला ते त्यांच्याकडून आलं. भा.ना कुठून येणार?

६ मे
मुद्दाम करून बघितलं. शत्रूला ललकारायच्या जागी विंगेतून सोडलं, "आई, पेज वाढ." भा.नी तलवार उपसून तस्संच म्हटलं, अगदी छातीतून. सगळे हसून लोळले. भा. डाफरले. मी पदर तोंडाला लावून "चुकलं" म्हटलं.
चुकलं कसलं! कळायचं ते कळलं.

९ मे
उद्या प्रयोग. सासूबाई पहिल्या रांगेत, लेकाचं कौतुक बघायला. बसूदेत. जेवण गेलं नाही. भीतीनं नव्हे, आनंदानं.

११ मे
केलं एकदाचं. तिसरा अंक, राजाचं शेवटचं भाषण. विंगेतून सांगितलं, "हे नाटक मी लिहिलेलं नाही." भा.नी हात पसरून खणखणीत म्हटलं. मग पुढचं दिलं, "ते माझ्या वहिनीनं लिहिलं." भा. "ते माझ्या..." म्हणाले आणि जीभ अडकली. विंगेकडे बघत राहिले. रंग ओघळला तोंडावरून. मी ओठ मिटून घेतले. स्वतःचा शब्द त्यांच्याजवळ होताच कुठे? शेवटी कुणीतरी पडदा पाडला.

१२ मे
भा. ओटीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेत. सुख वाटतंय, खोटं कशाला लिहू.
नारळ खवत होते. सासूबाई जवळ येऊन बसल्या. "त्येणां नाय लिवल्यान, तर मगे कोणी लिवल्यान गो?"
ओटीवर खाट करकरली.
"भावजींकाच विचारा," मी मोठ्यानं म्हटलं. "ह्या वेळाक मी सांगूचंय नाय."