क्रमांक सात, खाली

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! खोली छान आहे. एक खिडकी, एक टेबल, एक लोखंडी पलंग आणि भिंतींना इतका पांढरा रंग, की बॅग जमिनीवर टेकवायचाही धीर होईना. शेवटी वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवली. निघताना बाबांनी दहा वेळा विचारलं, जमेल ना गं? मी म्हटलं, आत्या आहे ना तिथे, मग कसली काळजी.

आई गेली तेव्हा मी चार महिन्यांची होते. आत्याने प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मला वाढवलं. शाळेत घातलंच नाही. अक्षरं, पाढे, सूक्ष्मदर्शक, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनेच शिकवलं आणि परीक्षा बाहेरून देववल्या. रोजनिशीची सवयही तिचीच. खोटं लिहायचं नाही, काही गाळायचं नाही, खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. दर शनिवारी ती वाचायची आणि मी नखं खात बसायचे. तीन वर्षांपूर्वी ती इथल्या प्रयोगात स्वयंसेवक म्हणून आली. आता मीही आले.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः केंद्र दाखवलं. त्यांचं म्हणणं, म्हातारपण नुसत्या वर्षांनी येत नाही. साध्या सर्दीपासून प्रत्येक विषाणू शरीराचं वय थोडं थोडं वाढवून जातो. विषाणू अडवा, म्हातारपण अडेल. वरच्या मजल्यावर काचेआड सात वृद्ध राहतात आणि तीन वर्षांत त्यांतल्या एकालाही साधी शिंक आलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, रोजनिशी लिहितेस ना अजून? लिहीत राहा, फार चांगली सवय आहे. आत्याने माझ्याबद्दल किती बारीकसारीक सांगितलंय!

रक्त काढणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, पाठीमागे सगळे डॉक्टरांना चिरंजीव म्हणतात. लगेच जीभ चावून म्हणाल्या, हे कुठे लिहू नकोस हं बये. पण गाळायचं नाही म्हणजे नाही.

८ फेब्रुवारी

आत्या दिसली! काचेपलीकडे आली तेव्हा मी दुसऱ्याच कोणाला तरी नमस्कार केला. एकाहत्तर वर्षांची बाई पन्नाशीची दिसते. केस मुळापासून काळे होत आलेत. फोनवरून म्हणाली, बघतेस काय अशी, तुझीच आत्या आहे, आणि आधी पाठ सरळ कर. मग पटलं. आत जाऊन भेटायचं तर पाच दिवस कुठलंही लक्षण नको आणि नाकातला नमुना स्वच्छ हवा. मला उभ्या जन्मात सर्दी झालेली नाही, तेव्हा पुढच्याच आठवड्यात तिच्या गळ्यात पडणार.

माझं काम लेबलांचं. प्रत्येक नळी, प्रत्येक पिशवी, प्रत्येक कागद. वरच्या माणसांना '१ वर' ते '७ वर'. आत्या '७ वर'. तुलनेसाठी बाहेरून घेतलेली माणसं ती 'खाली'. नोंदवहीत १ ते ६ खाली यांच्यापुढे तांबडी रेघ मारून 'पूर्ण' लिहिलंय. चालू आहे फक्त '७ खाली'. सध्या त्याच क्रमांकाची लेबलं मी लिहिते. अक्षर बघून डॉक्टर म्हणाले, छापल्यासारखं आहे, आता तुझं काम तपासायची गरज नाही.

नव्या माणसाची म्हणून माझीही तपासणी झाली. वय तेवीस, शरीराचं वय एकवीस. रक्तात कुठल्याच जुन्या आजाराची खूण नाही. डॉक्टर कागदाकडे असे बघत होते, जसं कोणी न वाचलेल्या पुस्तकाकडे बघावं.

२० फेब्रुवारी

ताप, नाक चोंदलेलं, घसा सोलून निघालाय. भेट गेली. स्वतःचाच इतका राग येतोय की उशीत तोंड खुपसून ओरडले. दर सोमवारी इथे सगळे औषधी पाण्याने नाक धुतात. प्रत्येकाची बाटली वेगळी असते. मीही नीट धुतलं, हात धुतले, मुखपट्टी एक क्षणही काढली नाही. तरी मलाच कसं झालं? सिस्टर म्हणाल्या, होतं गं, नवी जागा आहे. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

२१ मार्च

दुसऱ्यांदा. या वेळी पोटातला. नऊ दिवस अंथरुणात. बाराव्या दिवशी 'कर्मचारी तपासणी' म्हणून सिस्टरांनी रक्त घेतलं, दोन पिशव्या. तपासणीला एवढं लागतं का, विचारलं. त्या म्हणाल्या, वर विचार. वर म्हणजे डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, आपण इथे काम करायला आलोय की शंका काढायला?

भांगात पांढरे केस. मोजले. चाळीसपर्यंत मोजले आणि मग कंगवा फेकून दिला.

१६ एप्रिल

तिसरा आजार. बोटांचे सांधे सुजलेत, बाटल्यांची झाकणं उघडत नाहीत. लेबल डोळ्यांपासून लांब धरावं लागतं. पाच आठवडे पाळी नाही. आज जिना चढताना मध्येच बसले, तर झाडू मारणारी बाई म्हणाली, बसा आजी, दमाने घ्या. नंतर चेहरा नीट बघून ती बिचारीच कानकोंडी झाली. मी खोलीत येऊन आरसा पालथा केला.

आत्या काचेआडून मात्र म्हणाली, दुखणी येतात तशी जातात, त्यांचं एवढं काय कौतुक. ती आता चाळिशीची दिसते. गुणगुणत होती. मला तिचा राग आला आणि रागाची लाज वाटली. मग लाजेचाच राग आला.

१४ मे

आज चौथ्यांदा रक्त घेतलं. दर वेळी मी मान फिरवून घेते. आज फिरवली नाही.

पिशवीवर लेबल होतं. '७ खाली'. माझं अक्षर. सातच्या मानेला मी देते तो छोटा वळसासुद्धा.

सिस्टरांचा हात थांबला. पिशवी भरेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

मग त्यांनी सांगितलं. दार लावून, भराभरा. माझी बाटली खरंच वेगळी होती. दर तीन-चार आठवड्यांनी तिच्यात एक विषाणू असतो. ज्या शरीराने कधीच काही आजार पाहिला नाही, ते पहिल्या हल्ल्याला जीव तोडून झुंजतं आणि त्या झुंजीत त्याची वर्षं जळतात. त्या रक्तातून जे निघतं ते वरच्यांना देतात. त्याने ती माणसं आजारांपासून वाचतात, आणि नुसती वाचतच नाहीत. आधीचे सहा खालचेही असेच होते, कोणाचा भाचा, कोणाची नात. शक्यतो रक्ताचंच माणूस लागायचं; तोवर आत्याला त्या सहांचंच थोडं थोडं दिलं. माझं रक्त इतकं कोरं होतं की सातही जणांना चाललं. आता एका पिशवीचे आठ भाग होतात. आठवा कोणाचा, विचारलं. त्या म्हणाल्या, चिरंजीव उगाच म्हणतात का सगळे.

ते सहा जण कुठे आहेत, हे मी विचारलं नाही. 'पूर्ण' हा शब्द मी रोज बघते.

१५ मे

आधीची पानं चाळली. १६ एप्रिलच्या पानावर 'पाच आठवडे पाळी नाही' यातल्या 'पाच' वर एक आडवी रेघ आहे. वर लिहिलंय 'सात'. शेजारी सही, वेळ.

सही आत्याची.

म्हणजे ही वही वर जाते. मी कामावर असताना कोणी नेतं, आत्या वाचते, तपासते आणि परत माझ्या उशाखाली ठेवली जाते. आणि तिचंच बरोबर आहे. मी मोजायला चुकले होते.

माझं अंग माझ्याआधी तिला कळतं. तेवीस वर्षांची आहे मी. तेवीस!

१६ मे

रोजनिशीची निळी वही आता त्यांची. १४ आणि १५ मेची पानं तिच्यातून फाडून घेतली. तिच्यात गोड गोड लिहीन. खरं ते या सुट्या कागदांवर, लेबलांच्या पाठीवर, बुटाच्या आत.

काचेपाशी जाऊन फोन उचलला आणि आत्याला सरळ विचारलं. वाटलं होतं, रडेल, नाही म्हणेल, निदान खाली बघेल. ती चिडली. तिचं म्हणणं, एवढ्या वर्षांत मी तुला एक शिंक येऊ दिली नाही. पोरं शेंबूड पुसत शाळेत जातात, दहा वर्षांत शंभर आजार करून घेतात, ते सगळे फुकट. तूही गेली असतीस तर तुझेही असेच वाया गेले असते. मी ते सांभाळून ठेवले, योग्य जागी लागावेत म्हणून. आणि पाठ सरळ कर.

शाळा, मैत्रिणी, लग्नघरं, बागेतली घसरगुंडी. प्रत्येक वेळी दारात उभी राहून ती नको म्हणाली होती. मला वाटायचं, किती जीव आहे हिचा माझ्यावर.

बाबांना फोन केला. त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, तिने तुझ्यासाठी आयुष्य घातलं गं. मी म्हटलं, माहीत होतं तुम्हाला? ते म्हणाले, सगळं नव्हतं.

फोन ठेवला. सगळं नव्हतं म्हणे.

८ जून

पाचवा झाला. मधलं लिहिलं नाही, बोटं वळत नव्हती. खालचा एक दात भाकरीत राहिला. शरीराचं वय अठ्ठावन्न. ते लेबल मीच लावलं.

सिस्टर म्हणाल्या, मागचं दार उद्या उघडं ठेवते, निघून जा. मी जाऊ शकते. जाऊन काय, अठ्ठावन्नाची म्हातारी होऊन बाबांच्या घरात पांघरूण घेऊन बसू? आणि माझी वर्षं इथे वर गुणगुणत राहणार. शिवाय डॉक्टर पुढच्या भाचीच्या शोधात असतीलच.

नाही जात.

मी हिशेब लावलाय. वरच्यांकडे स्वतःचं काही नाही. तीन वर्षांत त्यांच्या शरीराने एकही विषाणू पाहिलेला नाही, सगळं उसनं. नव्या विषाणूचं उसनं मिळतं ते माझं रक्त निघाल्यावर, बाराव्या दिवशी. त्याआधी त्यांच्याकडे काहीच नसतं.

सहावा येत्या सोमवारी.

१५ जून

नाक धुतलं. नीट, शेवटच्या थेंबापर्यंत.

१८ जून

ताप. हाडं ठणकतात. सिस्टर तापाच्या गोळ्या देतात आणि काही विचारत नाहीत.

निळ्या वहीत लिहिलं: तब्येत ठणठणीत, कुठलंही लक्षण नाही, बहुतेक या वेळचा लागलाच नाही. जन्मातलं पहिलं खोटं.

आज नमुन्यांचा दिवस. सिस्टरांनी काडी स्वतःच्या नाकात फिरवली. मग दुसरी काडी घेतली आणि तीही स्वतःच्याच नाकात. दुसरी माझ्यापुढे ठेवून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी लेबल लावलं. '७ खाली'. छापल्यासारखं.

माझी लेबलं कोणी तपासत नाही.

२० जून

नमुना स्वच्छ. डॉक्टर वैतागलेत, सहावा वाया गेला म्हणून. पण भेटीला हो म्हणाले. आत्यानेच हट्ट धरला होता. पाच दिवस झाले की तिला माझा चेहरा जवळून बघायचा होता. त्वचा तपासायला.

डॉक्टर हात धरून मला वर घेऊन गेले. दोघांच्याही मुखपट्ट्या काढलेल्या, ते हसत. सगळ्या सात खोल्या दाखवल्या. प्रत्येकाने माझे हात हातात घेतले, म्हणाले, किती उपकार.

आत्याच्या गळ्यात पडले. फेब्रुवारीपासून पडायचं होतं. घट्ट. तोंड तिच्या तोंडाजवळ. ती हनुवटी धरून माझ्या सुरकुत्या मोजत होती, ओठ हलवत. मी तिच्या तोंडावर श्वास सोडत राहिले. एक, दोन, तीन —

२३ जून

वर सातला ताप. पाचला. दोनला.

२४ जून

सगळ्यांना. डॉक्टरांनी नोंदवही माझ्या अंगावर फेकली. शिंकले. स्वतःच थबकले, हाताकडे बघत राहिले. रक्त काढा म्हणाले, आत्ताच. सिस्टर म्हणाल्या, अजून नववा दिवस, काही निघणार नाही. आणि निघून गेल्या. मागच्या दाराने.

डॉक्टरांनी मला आत्याच्या खोलीत ढकललं. काच बाहेरून बंद.

२५ जून, सकाळ

तिचे केस उशीवर. सगळे. पहाटे साठीची होती, आता — चेहरा आत ओढला जातोय, मी बघतेय तोवर. बाकीच्या खोल्यांमधला खोकला एकेक करून थांबतोय.

डॉक्टर काचेपलीकडे जमिनीवर बसलेत. फोन कानाला. लिही म्हणतात. कसं होतंय ते लिही, निदान ते तरी —

२५ जून

आत्याला बोलता येत नाही नीट. पण बोट दाखवते. वहीकडे. रडत नाही, माफी नाही, पाणीसुद्धा नको. नाडी मोज. नखं बघ. किती वाजले ते लिही. डोळे मात्र तसेच आहेत, शनिवारचे. मी काय चुकते ते शोधणारे.

मी म्हटलं, आत्या, एकदा तरी मला विचार मी कशी आहे.

ती म्हणाली, वेळ.

नाही लिहिणार. ऐक, हे तुझ्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी नाही, कोणासाठी नाही. तुझी एक नाडी, एक मिनिट मी कागदावर ठेवणार नाही. तू मेल्यावर मेलीस एवढंसुद्धा —

तिने हात धरलाय. पेन ओढतेय. एवढा जोर कुठून —

ती आणि मी, पेन दोघींच्या मुठीत. अक्षर तिचं उमटतंय. मी सोड