मूठ वळली का?

मंगळवार, संध्याकाळ. मुरूम

आत्ता बोटं जरा सैल आहेत, तोवर लिहून घेते. सकाळी पेनही धरवत नाही. घरात हेच कुणाला पटत नाही. सासूबाई म्हणतात, "सकाळी भाकरी थापता येत न्हाय अन् संध्याकाळी लिवता येतंय, हे कसलं दुखणं गं?" काय सांगणार. मला तरी कुठं कळतंय.

कळतं ते फक्त नळदुर्गच्या शकुंतलाकाकूंना. त्यांनाही संधिवातच. सोलापूरला दवाखान्याच्या बाकड्यावर ओळख झाली. तेव्हापासून रोज सकाळी मोबाइलवर त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, "मूठ वळली का गं?" टाइप करणं दोघींनाही जमत नाही.

आज माझी वळलीच नाही. नळ सोडायलासुद्धा ह्यांना हाक मारावी लागली. तरी काकूंना मी म्हणाले, "वळली की काकू. तुमची?" का म्हणाले असं? रोज नाही म्हणायची लाज वाटते, त्यांच्याजवळसुद्धा.

लगेच त्यांचा मेसेज आला, "माझी बी लई चांगली वळली." अन् मागून त्यांच्या सुनेचा आवाज, "आत्या, कप सोडा, चहा सांडतोय. मी पाजते."

दिवसभर तो कप डोक्यातून जात नाही. मूठ वळली असती तर सुनेनं कप का धरला असता? आजच खोटं बोलल्या, की रोजच बोलतात? पण विचारू कोणत्या तोंडानं.

उद्या सकाळी परत विचारतील. मी खरं सांगितलं तर त्यांनाही खरं सांगावं लागेल.