दुपारी निम्मी होणारी बॅटरी

कर्जत, ४ मे २०२५

चि. सौ. समिधास हिरामणदादाचे अ. आ.

वि. वि. हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि प्रवीणराव कायम शेजारी. रात्री वीज गेली तरी आईचं ऑक्सिजनचं यंत्र चालावं म्हणून मी खालापूरला ती लिथियम फॉस्फेटची बॅटरी बसवली. किती भरली आहे ते मला इथे मोबाइलवर दिसतं. सकाळी भरलेली, दुपारी निम्मी! दुपारी तर आई यंत्र लावत नाही. मग ती पितं कोण? जावईबापूंची विजेची स्कूटर हल्ली फार टवटवीत दिसते, एवढंच नोंदवतो. अनुमान आहे, आरोप नाही.

लोभ आहे, तो या पत्राने आटू नये.

हिरामण

खालापूर, ९ मे

ती. दादास शि. सा. न.

तुझं गुप्त पत्र ह्यांनीच आधी फोडलं. म्हणाले, तुझ्या मास्तरदादांना कळव, स्कूटर मी रसायनीला कंपनीत चार्ज करतो. वर म्हणाले, ही बॅटरी सतत शंभरावर ठेवली की लवकर म्हातारी होते, निम्म्यावर सुखी असते. हे ऐकून आता मलाच ह्यांचा संशय येऊ लागलाय!

आई ठीक. तिला सध्या इस्त्रीचं वेड लागलंय. लुंग्या, अभ्रे झाले, परवा ओट्याची फडकीसुद्धा कडक केली. दम लागेल म्हटलं तर म्हणते, बसून करते गं, मला काय व्हतंय.

लोभ आहेच, जमल्यास थोडा विश्वासही धाडावा.

समिधा

कर्जत, १३ मे

चि. सौ. समिधास अ. आ.

प्रवीणरावांचं शास्त्र खरं आहे, मी विचारून घेतलं. पण ते न वापरता ठेवून द्यायच्या बॅटरीला. आपली आईच्या उशाशी आहे. संध्याकाळी निम्मी असताना वीज गेली, तर पहाटेपर्यंत पुरायची नाही. तेव्हा हसण्यावारी नेऊ नकोस. नवऱ्याची बाजू घेणं धर्माला धरून आहे, तरी एक दुपार झोपेचं सोंग घे. अनुमानापेक्षा प्रत्यक्ष प्रमाण बरं. आणि आईला इस्त्री करू देऊ नकोस.

हिरामण

खालापूर, १८ मे

ती. दादास शि. सा. न.

चोर सापडला. जेवणं झाल्यावर आई उठली, मेनचं बटण बंद केलं, बॅटरीवर इस्त्री तापवली आणि कालचीच फडकी पुन्हा घेऊन बसली. पकडल्यावर जराही ओशाळली नाही. म्हणाली, ह्यो बॅटरीचा डबा भरलेला असला की हिरामण गप असतो. निम्मा झाला की लगेच फोन करतो, आई बरी हाय ना म्हणून.

मी आठवून पाहिलं, दादा. भरल्या बॅटरीला तुझा एकही फोन नाही.

ह्यांची माफी मागशीलच. स्कूटरचीही माग.

समिधा

कर्जत, २२ मे

ती. आईस सा. न.

मोबाइलमधून ते बॅटरी दाखवणारं अ‍ॅप काढून टाकलं. आता बॅटरी किती भरली ते रोज संध्याकाळी तुलाच फोन करून विचारीन, तू बघून सांगायचं.

रविवारी येतो. दोन सदरे चुरगळलेले आहेत, ते घेऊन येतोय. मेन चालू ठेवून कर.

तुझा संशयी
हिरामण